खोडलेल्या वाक्याचा धनी

गुप्तहेर खात्यात माहिती दडवणे हा गुन्हा नसतो, कुलाचार असतो. ज्याला जेवढे कळणे गरजेचे आहे तेवढेच त्याला कळावे. शेजारच्या टेबलावर काय चालले आहे ते विचारू नये आणि आपले सांगू नये. अमेरिकेच्या हेरसंस्थांनी हा कुलाचार कित्येक दशके निष्ठेने पाळला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या आयोगाने २००४ साली अहवाल दिला, तेव्हा नेमके त्यावरच बोट ठेवले. कटाचे दुवे वेगवेगळ्या संस्थांच्या कपाटांत पडून होते आणि ते कोणी एकमेकांशी जोडले नाहीत. यापुढे माहिती जपण्यापेक्षा वाटण्याची सवय लावा, असे आयोगाने बजावले.

त्याच वर्षी सीआयएमधल्या कॅल्विन अँड्रस यांनी एका निबंधात उपाय सुचवला. हेरांनी विकी वापरावा! म्हणजे एका विषयाचे एकच पान असेल, ते कोणीही उघडेल, कोणीही त्यात भर घालेल, दुसऱ्याचे वाक्य दुरुस्त करील किंवा सरळ खोडून टाकील. एप्रिल २००६ मध्ये ‘इंटेलिपीडिया’ अधिकृतपणे सुरू झाला. विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, त्याच प्रणालीवर. चांगली भर घालणाऱ्यांना बक्षीस म्हणून बागकामाची छोटी फावडी वाटली जात, हे ऐकून हसू येते. पण नाव न सांगणे हाच ज्यांचा पेशा, त्या माणसांना कोणीतरी नावाने ओळखून शाबासकी देत होते, हे त्यातले खरे नवल. कारण इंटेलिपीडियावर निनावी लिहायला बंदी होती. प्रत्येक बदल कोणी केला ते सर्वांना दिसत असे.

पाने वाढली, लेखक वाढले. मात्र वरिष्ठांच्या टेबलावर जाणारे अधिकृत अहवाल जुन्याच वाटेने, त्या त्या संस्थेच्या शिक्क्यानिशीच जात राहिले. विकीवर सगळे मिळून लिहीत, आणि जिथे श्रेय मिळायचे तिथे प्रत्येक संस्था आपापले लेटरहेड काढी. तंत्रज्ञानाने दार उघडले, तरी उंबरठ्यावर ‘माझे’ नावाचा पहारेकरी उभा होताच.

हा पहारेकरी जुना आहे. अहंकार आणि ममत्व या दोन गोष्टींवर भारतीय तत्त्वज्ञानाने जितका विचार केला आहे तितका क्वचितच दुसऱ्या कशावर केला असेल. ‘मी केले’ हा अहंकार आणि ‘हे माझे आहे’ हे ममत्व. दोन्ही सोडा, असे संतांनी सांगितले आणि आपण ते कीर्तनात ऐकून टाळ्याही दिल्या. विकी तीच गोष्ट सोमवारी सकाळी दहा वाजता, पगारी माणसाकडून, कॉम्प्युटरच्या पडद्यावर मागतो. तू लिहिलेले वाक्य कोणी तुझ्यादेखत बदलले तर तुझे नेमके काय गेले, हा प्रश्न कार्यालयीन सोयीचा वाटतो खरा, पण आहे तो अध्यात्माचा.

विकीच्या जनकाला हा प्रश्न अगदी सुरुवातीपासून ठाऊक होता. वॉर्ड कनिंगहॅम हे अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातले प्रोग्रामर. टेक्ट्रॉनिक्स या कंपनीत असताना, एखादी कल्पना कंपनीत कुठून कुठे जाते, कोणाच्या हातात पडून तिचे काय होते, याचा माग ठेवायला त्यांनी हायपरकार्डमध्ये एक संग्रह केला होता. माणसे, प्रकल्प आणि कल्पना एकमेकांना जोडणारी कार्डे. म्हणजे विकीचे बीज कार्यालयातच पडले. विश्वकोशाची कल्पना नंतरची. २५ मार्च १९९५ रोजी त्यांनी ‘विकीविकीवेब’ सुरू केला. होनोलुलू विमानतळावरच्या बसचे नाव त्यांनी त्याला दिले, आणि प्रत्येक पानावर संपादनाची सोय ठेवली.

तिथे जमलेल्या प्रोग्रामरांनी लवकरच दोन तऱ्हा ओळखल्या. एका तऱ्हेत पान म्हणजे बैठक. एकाने मत मांडायचे, खाली सही करायची. दुसऱ्याने त्याखाली उत्तर द्यायचे, सही करायची. दुसऱ्या तऱ्हेत पान म्हणजे दस्तऐवज. सह्या गेलेल्या, वाद निवलेला, कोणा एकाचे नसलेले आणि म्हणून सगळ्यांचे असलेले. चर्चा पिकली की कोणीतरी बसून पहिल्या तऱ्हेचे पान दुसऱ्या तऱ्हेत आणायचे, अशी रीत पडली. आपल्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष आणि सिद्धान्त यांची जी वाटचाल असते, तिच्याशी हे बरेच जुळते. फरक असा की शास्त्रकार हरलेल्या पक्षालाही ‘कोणी असे म्हणतात’ म्हणून ग्रंथात जागा देतो.

आपल्या सरकारी कार्यालयात बरोबर उलटा प्रकार आहे. मंत्रालयातली फाईल पाहावी. कारकुनाने टिपणी लिहायची, खाली सही आणि तारीख. त्यावर कक्ष अधिकाऱ्याचा शेरा, सही आणि तारीख. मग अवर सचिव, उपसचिव, आणि तसेच वर. कोणी कोणाच्या ओळीला हात लावायचा नाही. जबाबदारी यात पक्की असते, दहा वर्षांनी चौकशी लागली तरी कोणी काय लिहिले ते दाखवता येते. पण त्या फाईलमधून एखादा नियम, एखादा निर्णय, त्यामागचे कारण समजून घ्यायचे असेल तर नव्या माणसाला सगळी पाने उपसावी लागतात. तिथे ज्ञान एकावर एक रचले जाते, एकजीव होत नाही. आता ई-ऑफिस आले. कागद गेला, रचना तीच राहिली.

म्हणजे एकीकडे सगळ्या सह्या आणि एकही सलग मजकूर नाही. दुसरीकडे सलग मजकूर आणि सही कोणाचीच नाही. कार्यालयाने यांतले कोणते निवडावे?

या प्रश्नाचे एक उत्तर पुण्यात, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात, विकी जन्मण्यापूर्वीच देऊन झाले होते. महाभारत हा आपल्याकडचा सर्वांत मोठा अनेकहस्ती ग्रंथ. व्यासांनी रचला, वैशंपायनांनी जनमेजयाला सांगितला, सौतीने शौनकादी ऋषींना ऐकवला, ही तर ग्रंथानेच दिलेली कबुली. त्यानंतर काश्मीरपासून केरळपर्यंत प्रत्येक नकलकाराने थोडेफार आपले घातले. १९१९ साली चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले, १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले, १९४३ मध्ये त्यांच्या निधनानंतर बेलवलकर आणि वैद्य यांनी ते पुढे नेले आणि १९६६ मध्ये ते पूर्ण झाले. १२५९ हस्तलिखिते पाहिली गेली.

या आवृत्तीचे पान उघडले की वरती निश्चित केलेली संहिता दिसते आणि खाली बारीक टाइपात पाठभेदांची दाटी. कोणत्या पोथीत कोणता शब्द आहे, कोणता श्लोक कोणत्या परंपरेत जादा आहे, सगळे तिथे. गणपती लेखनिक झाल्याची लाडकी कथा संहितेतून निघाली आणि परिशिष्टात गेली. वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावाही मूळ संहितेत राहिला नाही. लोकांना ते रुचले नाही, आजही रुचत नाही. पण संपादकांनी काढलेली एक ओळही फेकून दिली नाही. ती कोणत्या पोथीतून आली, ते पोथीच्या नावानिशी नोंदवून खाली ठेवली. विकीच्या पानावर ‘इतिहास पहा’ अशी जी कळ असते, ती दाबली की हेच दिसते: आधीची प्रत्येक आवृत्ती, बदल करणाऱ्याचे नाव, तारीख आणि वेळ. वर एकमताचा मजकूर आणि खाली प्रत्येकाचा हिशोब. मालकी विरघळते, जबाबदारी मात्र शिल्लक राहते. विकीची खरी करामत ‘कोणीही बदला’ या परवानगीत नसून या तळघरात आहे.

हे तळघर नसेल तर काय होते ते ज्ञानेश्वरीच्या बाबतीत घडले. शके १२१२ मधला ग्रंथ, नकला करता करता तीनशे वर्षांत इतका पालटला की एकनाथ महाराजांना शके १५०६ मध्ये पैठणला त्याच्या प्रती जमवून शुद्ध पाठ ठरवावा लागला. ते झाल्यावर, यापुढे कोणी यात आपली ओवी मिसळू नये, असा सज्जड इशाराही त्यांनी शेवटी घातला. आजच्या भाषेत त्यांनी पानाला कुलूप लावले. नाथांचा अधिकार निर्विवाद, त्यांचे उपकारही निर्विवाद. पण त्यांनी कोणत्या प्रतीतली कोणती ओवी का टाकली, ते आपल्याला पाहता येत नाही. पुढे इतिहासाचार्य राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक वेगळी प्रत छापली आणि वाद पेटला, तो या न ठेवलेल्या नोंदींमुळेच. एवढ्या थोर संपादकाच्या बाबतीत जर असे होते, तर कंपनीच्या विकीवर जुने पान पुसून नवे टाकणाऱ्या उत्साही मॅनेजरबद्दल काय बोलावे!

आता कंपनीकडे येऊ. ॲटलासियन या ऑस्ट्रेलियन कंपनीचे ‘कॉन्फ्लुअन्स’ २००४ मध्ये बाजारात आले आणि आज हिंजवडी-खराडीतल्या आयटीवाल्यांना विकी म्हणजे तेच वाटते. उद्देश सांगितला जातो तो असा: माणसे येतात-जातात, त्यांच्या डोक्यातले पानावर उतरले तर काम अडणार नाही. प्रत्यक्षात पान उघडावे तर शेवटचा बदल दोन-तीन वर्षांपूर्वीचा, लिहिणारा कंपनी सोडून गेलेला, आणि सर्व्हरचा जो पत्ता दिलेला असतो तो सर्व्हरच बंद झालेला. खरी विद्या अजून नोटीस पिरियडमधल्या ‘केटी’लाच बाहेर पडते. निघालेल्या माणसाला शेवटच्या आठवड्यांत बसवून त्याच्याकडून सगळे काढून घ्यायचे, हा विधी. तो बिचारा अर्धे सांगतो. त्यातले काही मुद्दाम लपवतो असे नाही. आपल्याला काय काय येते हे त्याचे त्यालाच माहीत नसते. मायकेल पोलान्यी या तत्त्वज्ञाने १९६६ च्या पुस्तकात हेच मांडले होते की माणसाला जेवढे सांगता येते त्यापेक्षा पुष्कळ जास्त ठाऊक असते.

पण जे सांगता येते ते तरी लोक का लिहीत नाहीत? व्यवस्थापनाचे ठरलेले उत्तर: संकुचित वृत्ती. मग प्रशिक्षणाचे वर्ग भरतात, आणि त्यांत हमखास गीता येते. फळाची अपेक्षा धरू नका, ज्ञान वाटल्याने वाढते.

इथे थोडे थांबायला हवे. फलत्यागाचा उपदेश हा काम करणाऱ्याने स्वतःला करायचा आहे. फळ ज्याच्या खिशात जाते त्याने तो दुसऱ्याला केला की त्याचा अर्थच फिरतो. अर्जुनाने फळाची आस सोडावी असे श्रीकृष्णाने सांगितले. ते फळ दुर्योधनाच्या पदरात टाकावे असे नाही सांगितले. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त निष्काम कर्माला लोकसंग्रहाशी जोडले. ज्ञानी माणसाने कर्म सोडायचे नाही, समाज धरून ठेवण्यासाठी करत राहायचे. लोकसंग्रह हा शब्द कंपनीच्या नफ्याला लावता येतो का, याचे उत्तर प्रत्येक कंपनीने प्रामाणिकपणे द्यावे. काहींना ते देता येईलही. रुग्णालयाच्या विकीवर औषधाच्या मात्रेबद्दलची एक दुरुस्ती लोकसंग्रहच म्हणायची. बँकेच्या विक्री विभागातली ‘ग्राहकाला नाही म्हणू कसे देऊ नये’ ही टीप त्यात बसवणे जरा कठीण.

आणि कायदा? भारतीय कॉपीराइट कायद्याने (१९५७) हा गुंता आध्यात्मिक लोकांपेक्षा नीट सोडवला आहे. त्याच्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर, नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक नोकरी देणारा. म्हणजे विकीवर लिहिलेले पान पहिल्या दिवसापासून कर्मचाऱ्याच्या मालकीचे नसतेच. सोडायला त्याच्याकडे मालकी आहे कुठे? पण कलम ५७ म्हणते की हक्क दुसऱ्याकडे गेले तरी ‘हे मी लिहिले’ असे सांगण्याचा लेखकाचा अधिकार जात नाही, आणि आपल्या लौकिकाला बाध येईल अशी मोडतोड झाली तर तो दाद मागू शकतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातले अमरनाथ सहगल यांचे भव्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये सरकारने उतरवले आणि त्याची दुर्दशा केली. शिल्प सरकारच्या मालकीचे होते. तरीही दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ते सहगलांना परत द्यायला लावले आणि वर पाच लाख रुपये भरपाई देवविली. फळ एकाचे आणि कर्तेपण दुसऱ्याचे, ही फोड इतक्या स्पष्टपणे कोणत्याही प्रवचनात ऐकायला मिळत नाही.

नाव किती महत्त्वाचे असते याचा पुरावा झेरॉक्स कंपनीने, काहीसा नकळत, दिला. ज्युलियन ऑर हे मानवशास्त्रज्ञ १९८० च्या दशकात या कंपनीच्या कॉपियर दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर हिंडले. त्यांना दिसले ते असे की छापील मॅन्युअल तंत्रज्ञांच्या फारसे कामी येत नाही. अवघड बिघाड कसा सापडला ते ही माणसे जेवता-खाता, चहा-कॉफी घेताना एकमेकांना रंगवून सांगतात आणि खरे शिक्षण तिथे होते. मग फ्रान्समध्ये ‘युरेका’ नावाची व्यवस्था उभी राहिली. तंत्रज्ञाने आपली युक्ती लिहायची, अनुभवी सहकाऱ्यांनी ती तपासायची आणि मग ती सर्वांना खुली करायची. सुरुवातीला हे सारे मिनिटेल या फ्रेंच टेलिफोन-जाळ्यावर चाले. लिहिणाऱ्याला पैसे द्यावेत का, असा विषय निघाला तेव्हा तंत्रज्ञांना पैशापेक्षा युक्तीखाली आपले नाव असणे मोलाचे वाटले. यात अहंकार नव्हता का? असेल. पण त्या नावापोटी माणूस युक्ती पुन्हा तपासत असे, कारण चूक निघाली तर शेकडो कारागिरांसमोर तीही त्याच्याच नावावर लागणार होती.

नाव काढून टाकले की काय होते, तेही दिसून गेले आहे. जून २००५ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने इराक युद्धावरचा आपला अग्रलेख वाचकांना विकीवर खुला केला. लिहिणाऱ्यांची आपसात ना ओळख, ना जुना संबंध. अश्लील मजकुराचा मारा होऊन दोन दिवसांत तो बंद करावा लागला.

कनिंगहॅम यांचा पुढचा प्रवासही नाव राखण्याच्याच दिशेने झाला आहे. २०११ पासून ते एका वेगळ्या प्रकारच्या विकीवर काम करू लागले. त्यात प्रत्येकाची स्वतःची जागा असते. दुसऱ्याचे पान आवडले तर त्याची नक्कल आपल्याकडे आणायची, हवी तशी बदलायची, आणि ती कुठून आली याची खूण तिच्याबरोबर राहते. एका पानावर सगळ्यांनी लिहिण्याची कल्पना ज्याने जगाला दिली, त्यालाच ‘ज्याचे त्याचे पान’ ही सोय करावीशी वाटली. याला माघार म्हणता येणार नाही. एकमत होईपर्यंत भांडण्यापेक्षा दोन पाठ शेजारी नांदू द्यावेत, ही भूमिका सुकथनकरांच्या तळटीपांच्या बरीच जवळची आहे.

निरहंकार आणि निनावीपणा यांची आपण गल्लत करतो ती इथे. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक घ्या. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतले. फलत्यागावरचे मराठीतले हे खूप वाचले गेलेले पुस्तक दोन माणसांच्या हातून झाले. गुरुजींनी त्यावर हक्क सांगितला नाही. पण ते त्यांनी टिपले ही नोंद कोणी पुसली नाही, आणि ती नोंद राहिल्याने विनोबांचे किंवा गुरुजींचे वैराग्य तसूभर कमी झाले नाही. हक्क सोडणे गुरुजींच्या हातात होते. नोंद ठेवणे हे इतरांचे काम होते, आणि ते इतरांनी केले.

कार्यालयातही कामाची वाटणी अशीच हवी. आपले वाक्य खोडले गेले तर राग गिळून, ते का खोडले ते वाचणे, ही कर्मचाऱ्याची साधना. ती त्याची त्याने करावी. पानाचा इतिहास जपणे, आणि वार्षिक अप्रेझलला बसताना तो खरोखर उघडून पाहणे, हे कंपनीचे कर्तव्य. कोणी किती पाने तयार केली हे मोजून भागणार नाही. दुसऱ्याच्या जुन्या पानातली चूक काढून ते जिवंत ठेवणारा माणूस त्या मोजणीत कधीच दिसत नाही, आणि विकी चालतो तो त्याच्याच जिवावर. त्याचे नाव बढतीच्या बैठकीत एकदा तरी उच्चारले गेले पाहिजे. ज्या कंपनीला एवढे जमणार नाही तिने विकी बंद करावा आणि केटीच्या बैठका चालू ठेवाव्यात. त्या बैठकीत निदान घेणारा कोण आणि देणारा कोण हे समोरासमोर दिसते.